तणमोर की करवानक? एका उन्हाळ्याची नोंदवही

उन्हाळ्याची सुट्टी लागली की वर्गातली मुलं हमखास विचारतात, "सर, सुट्टीत तुम्ही काय करता?" मी म्हणतो, "पाखरं पाहतो." मुलं एकमेकांकडे पाहून हसतात. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४ अंशांवर जातो. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. अशा दिवसांत गळ्यात दुर्बीण अडकवून माळ तुडवणारा माणूस त्यांना जरा येडाच वाटत असणार.

पक्षी पाहायचे तर हिवाळ्यात, असा आपला समज असतो आणि तो काही चुकीचा नाही. थंडीत उत्तरेकडून आलेली बदकं आमच्या तलावांवर गर्दी करतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परत जातात. पण उन्हाळ्याची स्वतःची एक मजा आहे. तशीच एक फसगतही आहे. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मी चांगलाच फसलो, आणि मला सावरलं ते माझ्याच वर्गातल्या एका मुलाने. ती हकीकत विद्यार्थ्यांना आणि शिक्षक बंधुभगिनींना, दोघांनाही उपयोगी पडेल असं वाटतं, म्हणून लिहितो आहे.

आटलेलं पाणी, जमलेली पाखरं

आमचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके. रिसोडकडून पैनगंगा वाहते. बाकीचे बहुतेक नाले उन्हाळ्यात कोरडे पडतात. मग उरतं ते धरणांचं आणि तलावांचं पाणी. वाशीम शहराची तहान भागवणारा एकबुर्जी प्रकल्प, कारंज्याकडचा अडाण प्रकल्प, अकोल्याच्या हद्दीला लागून असलेला काटेपूर्णेचा परिसर. काटेपूर्णा अभयारण्य १९८८ साली जाहीर झालं आणि त्याचं जंगल दोन्ही जिल्ह्यांत पसरलं आहे.

एप्रिलपासून धरणाचं पाणी रोज थोडं थोडं मागे सरकतं. काठाचा गाळ उघडा पडतो. उरलेल्या उथळ पाण्यात मासे, बेडूक, किडे एकवटतात आणि त्यांच्या मागे पाखरं येतात. चित्रबलाक अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून हळूहळू चालत असतो. चमचा नावाचा पांढरा पक्षी आपली चपटी चोच डावी-उजवीकडे फिरवत गाळ चाळतो. लांब, लाल, काटकुळ्या पायांचे शेकाटे पाण्यात उभे असतात. नदी सुरय हवेतल्या हवेत थबकतो आणि एकदम पाण्यात सूर मारतो. हिवाळ्यात हेच पक्षी मोठ्या पाण्यावर विखुरलेले असतात. उन्हाळा त्यांना एका जागी आणून उभं करतो. म्हणून नवशिक्या माणसाला उन्हाळ्यात पक्षी ओळखायला सोपे जातात.

त्या वर्षी मी ठरवलं, एकट्याने नाही पाहायचं. गावातच राहणारी सातवीची सहा-सात मुलं तयार झाली. कारंजा तालुक्यातलं आमचं गाव माळाला लागून आहे. सकाळी साडेपाचला देवळाजवळ जमायचं, दोन तास फिरायचं आणि ऊन तापायच्या आत घरी. दुर्बीण एकच होती, म्हणून पाळीपाळीने पाहायचं. एक दोनशे पानी वही घेतली आणि तिच्यावर लिहिलं, 'पक्ष्यांची हजेरी'.

दुर्मिळ म्हणजे नेमकं काय?

पहिल्याच दिवशी वहीत दोन याद्या केल्या, 'साधे पक्षी' आणि 'दुर्मिळ पक्षी'. मुलांनी चिमणी, कावळा, साळुंकी, होला साध्यांत घातले. मोर दुर्मिळमध्ये. एका मुलीने लगेच विचारलं, "सर, मोर तर आमच्या वावरात रोज येते. मंग तो दुर्मिळ कसा?"

प्रश्न बरोबर होता. मोर देखणा आहे, राष्ट्रीय पक्षी आहे, पण आमच्या भागात तो दुर्मिळ नाही. देखणा म्हणजे दुर्मिळ, अशी आपल्या मनात गल्लत झालेली असते. दुसरं उदाहरण हरियालचं. आपल्या महाराष्ट्राचा हा राज्यपक्षी. गावाबाहेरच्या पिंपळाला फळं आली की त्याचा थवाच्या थवा येतो. पण हिरव्या पानांत हिरवंपिवळं पाखरू लपून जातं, म्हणून मुलांपैकी एकानेही तो कधी पाहिला नव्हता. मी त्यांना पिंपळाखाली उभं केलं आणि फक्त पाहत राहायला सांगितलं. पाच मिनिटांनी एक पान हललं, आणि ते पान नव्हतंच! मग एक एक करत मुलांनी अकरा हरियाल मोजले. न दिसणारा पक्षी दुर्मिळ असतोच असं नाही. कधी कधी आपली नजरच तयार नसते.

तिसरी गोष्ट तारखेची. ब्राह्मणी बदक, म्हणजे आपला चक्रवाक, जानेवारीत तलावावर दिसला तर त्यात नवल नाही. पण त्या वर्षी मेच्या मध्यावर एकबुर्जीच्या काठाला मला एक एकटाच चक्रवाक दिसला. त्याचे सोबती लडाख-तिबेटच्या बाजूला कधीच निघून गेले असणार. हा का मागे राहिला? पंखाला इजा झाली असेल, अशक्त असेल. कारण मला कळलं नाही. पण जानेवारीतली साधी नोंद मे महिन्यात विशेष होते, हे मुलांना पटलं. पक्षी तोच, तलाव तोच, फक्त महिना वेगळा.

आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात तर पाहुणा शाळेतच आला. सकाळी शाळेच्या व्हरांड्यात कोपऱ्यात एक पाखरू बसलेलं होतं. हिरवी पाठ, निळसर पंख, पिवळट पोट, शेपटीखाली कुंकवासारखा लाल रंग, डोळ्यावरून काळा पट्टा, आखूड शेपूट. हा नवरंग. दक्षिण भारत आणि श्रीलंकेत हिवाळा काढून हे पक्षी पावसाच्या तोंडावर मध्य भारतातल्या जंगलांत घरटी करायला येतात. प्रवास रात्रीचा. दमलेला नवरंग कधी कधी असा घराच्या भिंतीशी, अंगणात उतरतो. आम्ही त्याला हात लावला नाही. खोलीची दारं बंद केली, मांजरीला हाकललं, थोड्या अंतरावर पाण्याची थाळी ठेवली आणि सगळे लांब बसलो. संध्याकाळी तो उडून गेला. मुलांनी त्या दिवशी वहीत त्याचे नऊ रंग मोजून लिहिले. दोन रंगांवरून भांडणही झालं.

या सगळ्यातून आम्ही एक नियम काढला. पक्षी विशेष आहे की नाही, हे त्याच्या नावावर ठरत नाही. कोणता, कुठे आणि केव्हा, हे तिन्ही एकत्र पाहावं लागतं. नियम मीच फळ्यावर लिहिला, आणि चार दिवसांत मीच तो मोडला.

माळावरची ती सकाळ

जूनचा पहिला आठवडा. पाऊस अजून यायचा होता. आमच्या माळापासून थोड्या अंतरावर कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे. काळविटांसाठी २००० साली जाहीर झालेलं, सुमारे १८ चौरस किलोमीटरचं. आमचा माळ त्याच्या बाहेरचा, पण जमीन त्याच जातीची. मुरमाड, मधे मधे बोरी-बाभळी, आणि वाळलेलं कुसळी गवत.

एका बोरीच्या बुडाशी मला काहीतरी हललेलं दिसलं. दुर्बीण लावली. कोंबडीएवढा पक्षी, मातकट अंग, त्यावर गडद रेघा, लांब पिवळसर पाय. आम्ही थांबलो तसा तोही थांबला आणि दगडासारखा गप्प झाला. माझ्या छातीत धडधड सुरू झाली. तणमोराची मादी!

तणमोर म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. माळढोकाच्या कुळातला हा सगळ्यात लहान पक्षी. फक्त भारतीय उपखंडात आढळतो, आणि गवताळ माळावरच जगतो. जगातल्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत २०२१ पासून त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी आहे. म्हणजे नामशेष होण्याच्या अगदी अलीकडची पायरी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत, सर्वांत कडक संरक्षणात ठेवलं आहे. अकोला-वाशीमचे माळ हे त्याच्या उरल्यासुरल्या ठिकाणांपैकी. असा पक्षी, आणि तो मला दिसला!

दुर्बिणीच्या भिंगाला मोबाइल लावून फोटो काढला. फोटो धूसर आला. घरी येईपर्यंत धीर निघाला नाही. रस्त्यातच शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकलं, 'आज आमच्या माळावर तणमोर!' अंगठे, टाळ्या, गुलाबाची फुलं यांचा पाऊस पडला. ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावरही नोंद केली. त्या भागात, त्या महिन्यात अपेक्षित नसलेला पक्षी घातला की ती यंत्रणा थांबवते आणि कशावरून ओळखलं ते लिहायला सांगते. मी लिहिलं, 'स्पष्ट दिसला.' तेवढ्यात गटावर एकाने विचारलं, "सर, नेमकी जागा सांगा ना, रविवारी गाडी काढून येतो." मी जागा टाइप करायला घेतली होती.

तेव्हा मुलांपैकी एक जण मागे रेंगाळला होता. फासेपारधी समाजातला, वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा. पूर्ण महिनाभर तो रोज यायचा, पण बोलायचा नाही. वहीत एकदाही त्याने काही लिहिलं नव्हतं.

"सर, एक सांगू काय? रागवान नाही ना?"

"सांग."

"ते तणमोर नोहे."

मला राग आलाच, खोटं कशाला बोलू. "मग काय आहे?"

"रातचं वरडते ना, ते पाखरू हाये. त्याचं डोकस्कं पाह्यलं का तुमी? मोठ्ठं. डोयेबी मोठे, पिवये. तणमोराची मान बारीक रायते, लांब. अन् तणमोर आता कोठून येईन? पाणी पडून गवत वाढल्याबिगर ते येत नाही."

मोबाइलवरचा फोटो मोठा करून पाहिला. धूसर होता, पण डोळा दिसत होता. टपोरा, पिवळाजर्द. आखूड मान. आखूड चोच, टोकाला काळी. ते करवानक होतं. मराठी पुस्तकांत त्याचं हे नाव आहे. दिवसभर झुडपाच्या सावलीत गप्प बसतं आणि अंधार पडला की माळावर ओरडत फिरतं. उन्हाळ्यातच उघड्या जमिनीवर अंडी घालतं. आमच्याकडे ते काही दुर्मिळ नाही. कोणता, कुठे, केव्हा, या तीन प्रश्नांपैकी मी एकही नीट विचारला नव्हता. मला तणमोर पाहायचा होता, म्हणून मला तणमोर दिसला.

"तुला एवढं कसं माहीत?" मी विचारलं.

तो खाली पाहत राहिला. मग म्हणाला, "आज्यानं सांगतलं."

"मग महिनाभर बोलला का नाहीस?"

याचं उत्तर त्याने दिलं नाही. ते मला घरी जाता जाता आठवलं.

माझी दुसरी चूक

आपल्याकडे ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर डॉ. सालिम अली यांचा. २०२० पासून महाराष्ट्र शासनाने हा सप्ताह सुरू केला. आदल्या वर्षीच्या सप्ताहात परिपाठाच्या वेळी मी भाषण केलं होतं. त्यात मोठ्या आवेशाने म्हणालो होतो, "फासे लावणाऱ्या लोकांनी आपले पक्षी संपवले." त्यावर मागून कोणीतरी त्या मुलाला म्हणालं, "ए, तुह्या घरी तितर शिजते ना बे?" सगळे हसले. मी ऐकलं होतं. मी काही बोललो नव्हतो. तास संपला होता आणि मला हजेरी लिहायची होती.

पक्षी ओळखण्यातली चूक ही एक चूक. ही दुसरी तिच्यापेक्षा मोठी होती.

त्याच संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. आजोबा कडुनिंबाखाली बाजेवर बसले होते. मला पाहून उठून उभे राहिले. "काय केलं गुरुजी पोट्ट्यानं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मास्तर दारात आला म्हणजे पोरावर काहीतरी आळ आलाच, हे त्यांनी धरून ठेवलं होतं. यामागे मोठा इतिहास आहे. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून कितीतरी जमातींवर जन्मानेच गुन्हेगार असा शिक्का मारला. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, पण लोकांच्या नजरेतला शिक्का सहज जात नाही. माझ्या वर्गातही तो गेला नव्हता.

"आजोबा, तुमच्या नातवाने काही केलं नाही. माझी चूक त्याने दाखवली. मी शिकायला आलोय," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग नातवाला सांगून पाणी आणवलं.

अंधार पडल्यावर आम्ही तिघं माळाच्या कडेला जाऊन बसलो. थोड्या वेळाने लांबून आवाज आला. एकामागून एक चढत गेलेल्या शिट्ट्या. एकाने सुरू केलं की दुसरा उत्तर देत होता. "हे तुमचं तणमोर," आजोबा म्हणाले आणि हसले. मीही हसलो. दुसरा उपाय नव्हता.

मग त्यांनी खऱ्या तणमोराविषयी सांगितलं. पावसाने गवत गुडघ्याएवढं झालं की नर काळाकुळकुळीत होतो, डोक्यामागे चमच्यासारख्या टोकांची पिसं येतात. मादीला दिसावं म्हणून तो गवतातून सरळ वर उडी घेतो, पंख फडफडवतो आणि तिथंच खाली येतो. दिवसभरात शेकडो उड्या. "अन् जागा बदलत नाही पाहा गुरुजी. काल जेथं उडी, आज तेथंच. म्हनून तर ते फसते." हे पुस्तकांतही लिहिलेलं आहे. याच सवयीमुळे इंग्रज साहेबांनी बंदुकीने आणि इतरांनी फाशांनी ऐन विणीच्या हंगामात हे पक्षी मारले.

मी विचारायचं टाळत होतो ते आजोबांनी स्वतःच बोलून टाकलं. "आमी मारले. खोटं कायले सांगू? पोटासाठी मारले. पन आमी मारत होतो तवा गवत होतं. गवत होतं म्हनून पाखरू पुन्ना येत होतं. आता मारनारंबी नाही, अन् गवतबी नाही."

शिकार योग्य होती, असं मी म्हणत नाही. तेही म्हणत नव्हते. पण त्यांचं म्हणणं मला टोचलं, कारण गवत गेलं त्यात आपला सगळ्यांचा हात आहे. माळाला सरकारी कागदावर आपण 'पडीक' म्हणतो. पडीक म्हणजे वाया गेलेली जमीन, मग ती नांगरून सोयाबीन पेरली तरी चांगलंच, झाडं लावली तरी चांगलंच. आमच्या शाळेनेही दोन वर्षांपूर्वी त्या माळावर खड्डे खणून रोपं लावली होती. फोटो काढले होते. तणमोराला झाडी नको असते, त्याला मोकळं गवत हवं असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माळ म्हणजे उजाड जमीन नाही. ते गवताचं जंगल आहे. काळवीट, तितर, लावे, चंडोल, करवानक आणि तणमोर यांचं ते घर आहे.

नंतर कळलं, की आमच्याच भागात हा विचार कृतीत आणणारी माणसं आहेत. कौस्तुभ पांढरीपांडे आणि त्यांची 'संवेदना' ही संस्था अकोला-वाशीम भागात फासेपारधी समाजाला सोबत घेऊन गवताळ माळ आणि तणमोर राखण्याचं काम करत आली आहे. ज्यांना पक्ष्याची जागा, वेळ, सवय सगळं ठाऊक आहे, त्यांनाच राखणदार करायचं. मी मात्र अशा घरातल्या मुलाला वर्षभर मागच्या बाकावर गप्प बसवून ठेवलं होतं.

चूक दुरुस्त करताना

त्या रात्री गटावर लिहिलं, 'सकाळचा पक्षी तणमोर नाही, करवानक आहे. ओळखण्यात माझी चूक झाली. माझ्या विद्यार्थ्याने ती दाखवून दिली.' ई-बर्डवरची नोंदही बदलली. गटावर या वेळी गुलाब आले नाहीत. एक-दोघांनी चेष्टा केली. एका मॅडमनी मात्र लिहिलं, 'सर, हे मी माझ्या वर्गात वाचून दाखवणार.'

एवढ्याशा चुकीचं काय एवढं, असं कोणी म्हणेल. त्यासाठी शाळा उघडल्यावर मी मुलांना रानपिंगळ्याची गोष्ट सांगितली. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीला उघडतात, तेव्हा पाऊस सुरू झालेला होता आणि सगळी मुलं वर्गात होती.

रानपिंगळा हे मध्य भारतातल्या जंगलातलं लहान घुबड. १८८४ साली खानदेशात त्याचा नमुना मिळाला आणि त्यानंतर तो दिसेना. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्याला हा पक्षी १९१४ साली गुजरातेत मिळाला, अशी नोंद दाखवली. लोक त्या नोंदीच्या आधारे शोधत राहिले आणि काही सापडलं नाही. ती नोंद खोटी होती. संग्रहालयातला जुना नमुना उचलून, त्याला नवी चिठ्ठी लावून त्याने तो आपला म्हणून दाखवला होता. पामेला रासमुसेन या संशोधक बाईंनी जुने नमुने तपासून ही लबाडी उघड केली. मग खोटी नोंद बाजूला ठेवून त्या खऱ्या जुन्या ठिकाणांकडे वळल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी! पुढे तो आपल्या शेजारच्या मेळघाटातही आढळला.

माइनर्ट्झहागेनने मुद्दाम खोटं लिहिलं होतं आणि मी घाईने चुकीचं लिहिलं, एवढा फरक आहे. पण वाचणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही नोंदी सारख्याच. उद्या कोणी माझी नोंद वाचून म्हणालं असतं, वाशीमला जूनच्या पहिल्या आठवड्यात कोरड्या माळावर तणमोर असतो, तर? चुकीची नोंद ही नोंद नसण्यापेक्षा वाईट.

गोष्ट संपल्यावर मी त्या मुलाला पुढे बोलावलं. वर्गासमोर सांगितलं, की पक्षी सप्ताहात मी जे बोललो ते अर्धवट होतं, आणि जे हसणं मी थांबवलं नाही ते थांबवायला हवं होतं. वर्ग शांत होता. तो मुलगा अवघडून उभा होता, कधी एकदा जागेवर जातो असं त्याला झालं होतं. माफी मागितली म्हणजे सगळं मिटतं, असा माझा समज नाही. पण त्या दिवशी मधल्या सुट्टीत दोन मुलं त्याच्याजवळ जाऊन विचारत होती, "तितर अन् लावरीत फरक काय बे?" आणि तो हात हलवून हलवून सांगत होता.

'पक्ष्यांची हजेरी' ही वही आता त्याच्याकडे दिली. आम्ही तिच्यात दोन रकाने वाढवले. कोणता, कुठे, केव्हा याच्या पुढे 'कशावरून?' आणि 'खात्री आहे / नाही'. शेवटच्या रकान्यात 'नाही' लिहिणं कमीपणाचं नाही, हे मुलांना पटवायला वेळ लागला. मलाही लागला.

रिकामा रकाना

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तो वही घेऊन आला. नवीन नोंद होती. कोणता: तणमोर, नर. केव्हा: तारीख आणि सकाळची वेळ. कशावरून: 'गवतातून सरळ वर उडी मारली, तेथंच उतरला. सहा वेळा. काळं अंग, पांढरे पंख. आज्यानं बी पाहिला.' खात्री: आहे.

'कुठे' हा रकाना रिकामा होता.

"हे राहिलं की," मी म्हणालो.

"राहिलं नाही सर. लिहिलं तर लोक येतीन ना? गाड्या घेऊन?"

मला ती रविवारची गाडी आठवली. जागा टाइप करता करता थांबलेला माझा अंगठा आठवला. विणीच्या काळात माणसांची वर्दळ झाली तर मादी घरटं सोडून जाऊ शकते. म्हणूनच अशा पक्ष्याची नेमकी जागा जाहीर करू नये, हा पक्षिनिरीक्षकांचा संकेत आहे. हे मी त्याला शिकवलं नव्हतं.

मी सही केली आणि वही परत दिली. तो तणमोर मी स्वतः पाहिलेला नाही. पाहायला नेशील का, असं एकदा विचारणार होतो, पण विचारलं नाही.

विद्यार्थी मित्रांनो, यंदाच्या सुट्टीत तुम्हीही एक वही करा. पाच रकाने आखा: कोणता, कुठे, केव्हा, कशावरून, खात्री आहे की नाही. सुरुवात अंगणातल्या चिमणीपासून केली तरी चालेल. मेच्या अखेरीस कान उघडे ठेवा, पावसाच्या आधी चातक येतो. काळापांढरा, डोक्यावर तुरा असलेला. त्यातले बरेच थेट आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येतात आणि आपली अंडी सातभाईच्या घरट्यात घालतात. तो पहिल्यांदा कधी ऐकू आला, ती तारीख लिहून ठेवा. पुढच्या वर्षीही लिहा. पाच वर्षांनी ती पानं चाळून पाहा, पावसाबद्दलही काहीतरी कळेल.

आणि घराबाहेर मातीच्या भांड्यात पाणी ठेवायला विसरू नका. पाणी प्यायला कोणता पक्षी येतो, ते लिहाच. ओळखता आला नाही तर घरातल्या, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.